टाचणात दहा फोडी

टाचणवहीत मी लिहिलं होतं:
इयत्ता तिसरी. घटक अपूर्णांक.
साहित्य: संत्री, एक डझन.
फळ्यावर आदल्या दिवशीच काढून ठेवलेला गोल
आणि त्याचे दहा भाग,
पट्टी लावून, सगळे सारखे.

संत्री कळमन्याच्या बाजारातली, ढिगातली,
डागाळलेली, बारकी. पगाराच्या आधीचा आठवडा.
तेवीस पोरं, बारा फळं.
दोघांत एक दिलं
आणि चेतरामला आख्खं,
कारण त्याच्याशेजारी कोणी बसत नाही.
ऑगस्टात आला तो, छत्तीसगडहून, विटांच्या ट्रकमागे.
हजेरीला हात वर करतो. तेवढंच.

"सोला," मी म्हटलं, "आणि मोजा."
सालीची पिचकारी कुणाच्या तरी डोळ्यात गेली,
रडणं झालं, हसणं झालं,
मग लोकेश सोरते ओरडला,
"म्याडम, याच्यात तं नऊच हायेत!"
खिडकीकडून अकरा.
मागून बारा, पुन्हा नऊ, एक दहा,
आणि गुंजन हेडाऊ उभी, कमरेवर हात:
"मंग फळ्यावरचं संत्रं खोटं हाय नं?"

तांडापेठेतल्या आमच्या गल्लीत
आता एकच माग उरलाय.
तो तेवढा वाजत होता, खट, खट,
माझ्या उत्तराची वाट पाहत असल्यासारखा.

मी म्हटलं, हो.

मग काय, तासाला पायच फुटले.
नऊतली एक फोड मोठी की अकरातली?
उन्हात धरून पाहिल्या, जिभेवर ठेवून पाहिल्या.
दोन फोडी पुराव्यासकट गिळल्या गेल्या.
"बिया थुंकायच्या नाहीत," मी ओरडले,
"पेपरावर ठेवा. त्याही मोजू."

पेपरावर बिया. प्रत्येकाची बेरीज वेगळी.
साठ. एकाहत्तर. "याने ढकलल्या, म्याडम!"
तेव्हा बाकांमधून चेतराम आला,
न बोलावता,
गुडघ्यांवर बसला
आणि बोटाच्या कडेने बिया सारू लागला,
जशा कुणी विटा लावाव्यात, ओळीत, घाई न करता.
"एक कोरी."
त्याचा आवाज घोगरा आहे हे आम्हाला तेव्हा कळलं.
"दू कोरी. तीन कोरी. अउ सात."

लोकेश मला विचारतो, "हा काय म्हणून राह्यला?"
मला माहीत नव्हतं.
गुंजनला माहीत होतं.
"कोडी रे! वीसची एक कोडी.
माहे आबा लुगडे तसेच मोजत,
माग विकला त्याच्या आधी."

कोडी.
हा शब्द माझ्याही भाषेतला.
शाळेत कुणीतरी मला दहांत मोजायला शिकवलं
आणि तो कुठे पडला, मी वळून पाहिलंही नाही.
तीन कोडी सात. सदुसष्ट.
गुंजनने दप्तर उचललं
आणि चेतरामच्या बाकावर आपटलं,
"सरक."

घटक चाचणीत प्रश्न छापूनच आला होता:
एका संत्र्यात १० फोडी असतात, तर...
गुंजनने लिहिलं, आधी संत्रं दाखवा.
आणि बेरजेच्या गणिताखाली चेतरामने, मराठी अंकांत,
३ कोरी ७.
मी दोघांनाही पूर्ण गुण दिले.

केंद्रप्रमुख आले. भला माणूस, डोळ्यांना चष्म्याचा वण,
एकवीस शाळा आणि एक स्कूटर.
टाचण पाहिलं, पेपर पाहिले,
उद्दिष्ट साध्य झालं का, असं विचारलं,
आणि त्या दोन उत्तरांभोवती
लाल पेनाने गोल काढले.

ते गेल्यावर वर्गात थोडी बसले.
सालींचा वास अजून खिडकीच्या गजांना होता.
पेन्सिल घेऊन एका लाल गोलात
मी फोडी पाडत गेले, पट्टीशिवाय.

नऊच झाल्या.