पांढऱ्यावर काळी रेघ

मुराद बलुशीची पिकअप आली तेव्हा
असरची अजान होऊन गेली होती, आणि खाबूऱ्याची हवा
ओल्या टॉवेलसारखी मानेवर.
हौद्यात वितळलेला बर्फ, सुरमईचे खवले,
त्याची तक्रार दोन वाक्यांची:
ब्रेक मारला की डावा सिग्नल मिणमिणतो,
सिग्नल दिला की मागचे लाल दिवे गुदमरतात.
तीन दुकानं फिरून झाली. बल्ब तीनदा बदलले.
सहमच्या चौकात दहा रियालचा दंड झाला,
आणि पहाटे तीनला पुन्हा सोहारच्या मासळी बाजारात पोचायचंय.

मी लगेच काही उघडलं नाही.
रुबेलला म्हटलं, आत बस,
दबाओ म्हटलं की दाब, छोडो म्हटलं की सोड.
रुबेल कुमिल्ल्याचा, एकोणीस वर्षांचा.
तो ब्रेक असा दाबतो
जसा कुणाच्या तरी झोपलेल्या पायावर पाय पडू नये.
जोरात रे. दबाओ.

फ्यूज शाबूत. रिले टिकटिकतोय.
महाडला कोंडविलकर मिस्त्री शिव्या देत शिकवायचे,
विजेला दिव्याकडे जायला वाट लागते
हे शेंबड्या पोरालाही कळतं,
परत यायलाही लागते, हे दहातल्या एकाला.
तो एक मी नव्हतो. तीन महिने मीही बल्बच बदलत होतो.

मीटरचं काळं टोक बॅटरीला, लाल टोक होल्डरमध्ये.
जाताना बारा पॉइंट तीन.
येताना, जिथे शून्य हवं,
तिथे चार.

चार व्होल्ट घरी जाऊ शकलेले नाहीत.
मग ते शिरतात शेजारच्या दारातून,
त्याच्या माजघरातून, मागच्या अंगणात उतरतात,
आणि शेजाऱ्याचा दिवा
काही कारण नसताना थोडासा पेटतो.

पुठ्ठ्यावर मी लिहिलं : अर्थ नाही.
आमच्या धंद्यात अर्थ म्हणजे बॉडीला जोडलेली वायर,
या गाडीत पांढरी, तिच्यावर काळी रेघ.
पगाराच्या दिवशी अर्थ म्हणजे दुसरंच काही.
शाळेत बाई कवितेचा विचारायच्या, तो तिसरा.
तो मला कधी सापडला नाही, छड्या खाल्ल्या.
हा सापडतो.
हा डाव्या दिव्यामागे, चेसिसच्या आतल्या अंगाला
दहा नंबरच्या बोल्टखाली असतो,
पाठीवर झोपून, तोंडात टॉर्च धरून
हात कोपरापर्यंत घातला, तर.

बोल्ट हाताला नुसता भुगा लागला.
सात वर्षं हौद्यातलं खारं पाणी
थेंब थेंब ह्याच एका जागी येऊन बसलेलं.
वायर दिसायला धडधाकट. आत हिरवी.
कापली. ताजं तांबं लागेपर्यंत मागे मागे सोलत गेलो.
नवी रिंग, पॉलिश पेपरने घासून चकाकता केलेला पत्रा,
वर बोटभर ग्रीस.
मुराद बाजूला उभा राहून खजूर खात होता,
एक मलाही दिला, थेट तोंडात, कारण हात काळे.

दबाओ.

लाल. पूर्ण लाल. दोन्हीकडे सारखा.
मागची भिंत, टायरांचा ढीग,
दुकानाचं अर्धं पुसलेलं अरबी नाव, सगळं.
छोडो. गेला. दबाओ. आला.
सिग्नल दे. सिग्नल आपला वेगळा, पिवळा, कुणाचं काही न घेता.

आतून रुबेल विचारतोय, हुआ? उस्ताद, हुआ क्या?
तेव्हा ध्यानात आलं,
दोन वर्षं हा पोरगा ब्रेक दाबतोय
आणि त्याच्या पायाने लागलेला दिवा
त्याने एकदाही पाहिलेला नाही.

म्हटलं, उतर.
मैं उतरेगा तो दबायेगा कौन?
जॅकचा दांडा घेतला, एक टोक सीटला,
दुसरं पॅडलवर, पक्कं अडकवलं.
तो मागे आला. उकिडवा बसला.
तळहात दिव्यापुढे धरला, उलटा केला, बोटं मोजल्यासारखी हलवली.

बस? इतना?

इतनाच, मी म्हटलं.
मुरादने हॉर्न वाजवला, तीन रियाल सीटवर ठेवले,
आणि निघता निघता ओरडला,
अरे, हा दांडा तरी काढा.