मॉडरेट

पहाटे एफीचा रेडिओ समुद्र वाचून दाखवतो:
फेअर आयल, वारा वायव्येचा, लाटा मॉडरेट.
म्हणजे पुरुषभर, ती सांगते.
तिच्या भावाची होडी तेवढ्यातच गेली.

थर्सोच्या चर्चात या शब्दाचा एक माणूस यायचा,
मॉडरेटर, गळ्याशी लेस, भांडणाच्या मधोमध खुर्ची.
बज आणि मेन्झीज, छपराच्या गळतीवरून नऊ वर्षं अबोला.
त्याने दोघांना एका बाकावर बसवलं,
बाहेरून कुलूप लावलं
आणि किल्ली खिशात टाकून जेवायला गेला.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहिता लिहिता
तोच शब्द मर्डोच्या ग्लासाला लावला.
माझं माप वडिलांच्या ग्लासाचं आहे बाई,
म्हणाला, आणि बेताने, अगदी बेताने,
काठापर्यंत भरला.

पण त्याचा खरा मॉडरेटर किनाऱ्यावरच्या अणुभट्टीत.
अकरा वर्षं त्याने जड पाणी राखलं.
लोकांना वाटतं ते आग विझवतं, एफी.
उलट आहे. सुसाट कण
अणूला न शिवताच निघून जातो.
पाण्याला धडकून धडकून दमला,
रेंगाळला,
की लागतो. मग पेटतं.

एफीने तेव्हा हसण्यावारी नेलं.
मागणी घालायला त्याला सहा हिवाळे लागले होते.

आज दृश्यमानता मॉडरेट.
दोन-चार मैल दिसतं, पुढचं नाही.
समोरची खुर्ची मात्र स्वच्छ दिसते.
एफी टोस्टला लोणी लावते,
लावतच राहते.