इथे, आत्ता

एस्कनाबात जानेवारीत पाचलाच दिवे लागतात.
दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर
व्हर्ना कोस्केला कानांना हेडफोन लावते
आणि संगणक तिच्यासाठी देशभरातले नंबर फिरवत राहतो.
शंभर घंटा.
अठ्ठ्याण्णव वेळा कुणी नाही.
एकदा शिवी.
एकदा माणूस.

"राष्ट्राध्यक्षांच्या कामगिरीबद्दल तुमचं मत:
पूर्ण पसंत, थोडंफार पसंत,
थोडंफार नापसंत, पूर्ण नापसंत?"
वाक्य बदलायचं नाही, सूर चढवायचा नाही,
हसायचं तर मुळीच नाही,
पहिल्याच दिवशी बजावलेलं.

साउथ डकोटातला ऑर्व्हिल चेटर
पहिल्या घंटेलाच फोन उचलतो.
जेवण झालंय त्याचं, एका ताटाचं.
"सोयाबीन पडलं तेव्हा चिडलो होतो त्यांच्यावर.
मग आमच्या पुलाचं काम निघालं, राग गेला.
काल टीव्हीवर त्यांचा आवाज बसलेला वाटला,
दया आली.
दयेला तुमच्याकडे कितवा नंबर?"
व्हर्नाकडे दयेचा रकाना नाही.
"बायको असती तर मी तिच्या उलट सांगितलं असतं.
चौपन्न वर्षं तसंच केलं.
आता कशाच्या उलट जायचं, बाई?"
ती 'सांगता येत नाही'वर टिचकी मारते.
नऊ मिनिटं. ठरल्यापेक्षा चार जास्त.
काचेपलीकडून साहेब बघतो.

गुरुवारी आकडा येतो: त्रेचाळीस.
टीव्हीवर तीन टाय आणि एक मोत्यांची माळ
त्याच्याभोवती बसतात, पत्रिका मांडून बसावं तशी.
एक म्हणतो, संपले.
एक म्हणतो, इथून वर आलेला माणूस मी पाहिला नाही.
माळ म्हणते, मी पाहिलाय एक.
निवडणुकीला बावीस महिने आहेत.
शितावरून भाताची परीक्षा होते, खरंच होते,
पण हा भात अजून तांदूळ आहे
आणि आधण कुणी ठेवायचं यावरून घरात भांडण.
खाली मुंगीएवढ्या अक्षरांत:
तीन टक्के इकडे किंवा तिकडे.
ऑर्व्हिल तिथेच कुठेतरी राहत असेल,
व्हर्नाला वाटून जातं.

तिचा बाप एइनो गोठलेल्या खाडीवर
गिरमिट घेऊन जायचा.
दहा पावलं, एक भोक.
पट्टी बुडवायचा, अंगठ्याने खूण धरायचा:
"सहा इंच. इथे. आत्ता."
मासे धरायला आलेले विचारायचे, आणि पलीकडे?
आणि रविवारी?
तो गिरमिट खांद्यावर टाकायचा
आणि पुढची दहा पावलं चालू लागायचा.
भोक न पाडताच गेला तो टोइवो;
त्याचा ट्रक एप्रिलमध्ये वर काढला.
एकच भोक पाडून निर्धास्त गेलेलाही एक होता.
त्याचं आडनाव कोस्केला.
त्याच्याबद्दल घरात बोलत नाहीत.

रविवारी व्हर्नाचाच फोन वाजतो.
दुसरी कंपनी, दुसरी पोरगी, तेच वाक्य,
सूर न चढवलेला.
"थोडंफार," व्हर्ना म्हणते.
"पसंत की नापसंत?"
काय ते तिला माहीत असायला हवं होतं.
सोमवारी एक माहीत होतं, बुधवारी दुसरं.
पोरगी थांबलीय. नाक चोंदलंय तिचं.
तिच्याही मागे काच असणार.
"तुला सोपं पडेल ते लिही."
"तसं चालत नाही, मॅडम."
"मग लिही, पसंत,"
व्हर्ना म्हणते, कारण सर्दी झालेल्या पोरीला
आज लवकर घरी जाता यावं.

गुरुवारी आकडा येतो: चव्वेचाळीस.
टाय म्हणतात, वारं फिरलं.

त्या रात्री खाडीवर बर्फ तडकल्याचा आवाज होतो,
लांबलचक, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत.
वाढताना तडकतो तसा,
की सुटताना तडकतो तसा?
एइनोने सांगितलं असतं.
पण त्यानेही आधी बूट चढवले असते.