पंचवीस रवे

शितावरून भाताची परीक्षा, म्हणतात.
मगदूम सर म्हणाले, भात नीट ढवळला असेल तर.
आणि शीत एकच कशाला?

मग त्यांनी टेबलावर ठेवलं
मार्केट यार्डातल्या अडतीचं जुनं रजिस्टर,
लाल कापडी पुठ्ठा, कडांना काकवीचे डाग.
एका हंगामाचे अठराशे साठ गुळाचे रवे,
एकेकाचं वजन, एकाखाली एक.
अक्षर दिवाणजींचं.
त्या साली त्या अडतीवर हमाल
माझे बाबा.
मी काही बोललो नाही.
आमच्याकडं पोरीसुद्धा गेलो-आलोच म्हणतात.

अठराशे साठ चिठ्ठ्या, सरांच्या घरची तांब्याची घागर.
प्रत्येकानं पंचवीस काढायच्या,
सरासरी मांडायची, चिठ्ठ्या परत टाकायच्या, ढवळायचं.
शाहिस्ता मुल्लाणीची आली एकोणतीस पॉइंट दोन,
चौगुलेची साडेएकोणतीस,
माझी एकोणतीस पॉइंट नऊ.
घागर तीच, हात चाळीस, उत्तरं चाळीस.

फळ्यावर ठिपके पडत गेले.
रवे म्हणाल तर सत्तावीसचे, बत्तीसचे, वाटेल तसे,
पण त्यांच्या सरासऱ्या
गारठ्यातल्या गुरांसारख्या
मध्यावर एकमेकींना चिकटून उभ्या.
सर म्हणाले, हे रव्यांचं चित्र नव्हे,
हे तुमच्या हातांचं चित्र आहे.

मग प्रत्येकानं आपल्या ठिपक्याच्या दोन्ही अंगांना
थोडं थोडं सोडून रेघ मारली.
याला म्हणायचं विश्वास-अंतराल.
मागच्या बाकावर विश्वास पाटील उगाच लाजला.
पंच्याण्णव टक्के, सर.
कशाचे पंच्याण्णव?

खुंटा ठोकलेला आहे, सर म्हणाले,
अंधारात आहे, पण जागचा हलत नाही.
फेकतो आपण दाव्याचा फास.
शंभरदा फेकलात तर पंच्याण्णवदा वगैरे अडकेल.
भरवसा फेकण्याचा आहे.
पडलेल्या फासाचा नाही,
तो एक तर अडकलाय, नाही तर नाही.

खडूनं त्यांनी फळ्यावर उभी रेघ ओढली,
रजिस्टरातली खरी सरासरी, एकोणतीस पॉइंट चार.
चाळिसांत दोघं चुकतील असा हिशेब होता,
निघालो तिघं.
माझी रेघ साडेएकोणतीसला सुरू होत होती.
शंभर ग्रॅमनं.

मी पुन्हा बेरीज केली. बरोबर होती.
पुन्हा भागलं. बरोबर.
कुणाचंच काही चुकलं नव्हतं,
घागरीचं नाही, माझं नाही.
सर म्हणाले, तुला कळलं तरी.
बाहेर कुणी रजिस्टर उघडून दाखवत नाही.

संध्याकाळी यार्डात गेलो.
सौदे उरकले होते, मुंगळे तेवढे कामावर.
बाबा गोणपाटावर बसून खांदा चोळत होते.
सगळं सांगितलं, घागर, खुंटा, शंभर ग्रॅम.
मग रेघ बारीक कर की, म्हणाले.
म्हटलं, करता येते,
पण निम्मी करायची तर रवे चौपट लागतात.
पंचवीसचे शंभर.

बाबांनी शंभर मनातल्या मनात उचलले.
मला दिसले ते उचलताना.
त्यापरीस ऱ्हाऊ दे तशीच, म्हणाले.

शेवटची गाडी आली.
इतकी वर्षं रवा खांद्यावर घेतला
की ते एकच आकडा बोलायचे, तीस, साडेएकोणतीस,
आणि काट्यावरचा पोरगा हसायचा.
आज चालता चालता म्हणाले,
एकुणतीस ते तीस. चालतंय का बघ.

हे एका रव्याचं झालं, बाबा,
माझं सरासरीचं होतं, ते वेगळं.
पण हे मी बोललो नाही.
रवा काट्यावर बसला
आणि लाल आकडे थरथरत राहिले.