पायरीवरचा दिवा

नाना पेठेत, केकीशेठच्या शेडमध्ये
अडतीस सालची डेमलर.
ताडपत्री ओढली की आधी रॉकेलचा वास येतो,
मग गाडी.

हेडलॅम्प ओळखीचे. खांबातून बाहेर येणारा
वळणाच्या इशाऱ्याचा हातही ओळखीचा,
अर्धाच वर अडकलेला,
उत्तर येत असून गुरुजींनी न विचारलेल्या पोरासारखा.
पण पायरीच्या वर, पेराएवढा
हा दुधी काचेचा दिवा
कशाचा?

केकीशेठ म्हणाले, धुक्याचा. एवढासा?
कोथरूडच्या एका साहेबांनी मोजपट्टी लावली:
मागाहून बसवलाय, जुन्या बाजारातला माल,
काढून टाका, स्पर्धेत गुण जातील.
शिकारीचा म्हणावा, तर तो खाली बघतो,
चप्पल शोधल्यासारखा.

मी वायर धरून मागे मागे गेले.
कापडी वेष्टण, उंदरांनी कुरतडलेलं.
ती डॅशबोर्डकडे वळलीच नाही,
बिजागरीपाशी खांबात शिरली.

बॅटरी जोडली. ढिम्म.
बटणं सगळी दाबून झाली.
कोपऱ्यात स्टुलावर घुलेतात्या,
या गाडीवर बावीस वर्षं ड्रायव्हर,
चहा संपवून म्हणाले,
"पोरी, मागचं दार उघड की."

उघडलं.
फरशीवर भाकरीएवढा उजेड.

तात्या उठले. त्यात आपला पाय ठेवला,
बघितला, काढून घेतला.
"माझा कधी पडला नव्हता यात," म्हणाले.
"मी दार धरायचो."

वहीत मी लिहिलं:
पायरीचा दिवा. मूळचा.
काच बदलू नये.