पेव

धारूरच्या किल्ल्यावर पाच वार झेलले,
तेव्हापासून मरण माझ्याकडं फिरकत नाही.

त्या भादव्यात मुनीर जमावासंगं आला.
मी केवळाच्या दारात आडवा.
"सरक, हैबती," म्हणाला. रडत होता.
गोळी माझ्यातून आरपार गेली.
मला काहीच झालं नाही.
मागं पितळी घंगाळ वाजलं
आणि ती उंबऱ्यावर बसली,
खुरपून दमल्यासारखी.

आठ दिवसांनी दुसरा जमाव. दुसऱ्या घोषणा.
मुनीर धावत माझ्याच अंगणात.
"लपव, हैबती."
पेवात उतरवला.
शिळा ओढली. वर बसलो.
"बघितलं का त्याला?"
"नाही."

ते गेले. उजाडलं.
बंद पेवातली हवा कशी असते
मला ठाऊक होतं.

अजून बसलोय.
लोक म्हणतात, राखण करतोय.