अर्धी गोळी, सकाळ-संध्याकाळ

शेजारच्या पोराने मोबाइलवर गोळीचं नाव टाकलं
आणि 'हृदयासाठी' असं वाचून दाखवलं,
म्हणून सुपडूआप्पा पट्टी काउंटरवर परत सरकवतात.
"माले काळीजना रोग शे. हाई हिरदानी गोळी कसाले?"

पिंपळनेरला स्टँडसमोर माझं दुकान.
काळीज म्हणजे नक्की काय
हे मला फार्मसीच्या चार वर्षांत कुणी सांगितलं नाही.
परीक्षेत ते यकृत,
फोन रात्री दोनला वाजला की तेच छातीत धडधडतं,
आणि खाटीक पावशेराने तोलून देतो.

आप्पा पाटकरी. अडतीस वर्षं पांझरेच्या बंधाऱ्यावर,
कुणाच्या फडाला किती घटका पाणी
ते घड्याळाशिवाय सांगणारे.
तोंडात दारूचा थेंब नाही,
तरी रक्ताची उलटी झाली त्या रात्रीपासून
गाव म्हणतं, चोरून घेत असेल.
घेतली होती कधीतरी एक सुई, एवढंच.
तीतून आलेली कावीळ वीस वर्षं आत गप्प बसली.

धुळ्याला दुर्बीण घालून फुटलेल्या नसेला रबर बांधलं,
कागदावर तीन ओळी लिहिल्या,
आणि तिसरी ओळ समजावणं माझ्यावर आलं.

म्हटलं, आप्पा, आतड्यांतलं रक्त
सरळ हृदयाकडे जात नाही.
आधी एका मोठ्या पाटाने यकृतात उतरतं,
चाऱ्या-चाऱ्यांनी झिरपतं, मग पुढे.
तुमच्या यकृताची जमीन निबर झाली. पाणी घेत नाही.
मागे तुंबतं.
तुंबलेलं पाणी काय करतं?

"उंदरानं बीळ शोधस."

तेच. घशाखालच्या नसा ही ती बिळं.
आता जमीन काही आपल्याला नांगरता येत नाही.
पण ही गोळी हृदयाला म्हणते, हळू,
आणि आतड्यांकडच्या धमन्या जराशा आवळून धरते,
म्हणजे पाटात येतानाच कमी येतं.

आप्पा पट्टीकडे बघतात.
"फळी टाकानी."
हो.
"मंग अर्धी काबर?"

इथे मी अडखळते, कारण हे मलाही सुंदर वाटतं
आणि रुग्णासमोर सुंदर म्हणता येत नाही.
धडधाकट माणसाचं यकृत ही गोळी पहिल्याच फेरीत
बरीचशी स्वतःच जिरवून टाकतं,
थोडीच पुढे जाते.
तुमचं यकृत जिरवत नाही,
आणि काही रक्त तर त्याला वळसा घालूनच निघतं.
तुम्हाला अर्धीच अख्खीएवढी लागेल.

ते हसतात. पाटाच्या तोंडाशी शेत असलेले
सगळे कास्तकार त्यांना आठवले असणार.

हे झालं आषाढात.
आता माघ. हात गार पडतात, म्हणतात.
पहाटे स्वप्नात बंधाऱ्यावर न ओळखणारी माणसं उभी असतात.
चढ आला की पाय मागे राहतात.
परवा वरचं रक्तदाब नव्वदच्या आत आलं,
तेव्हा मीच धुळ्याला फोन लावला,
आणि अर्ध्याचीही पाव झाली.
पाव गोळी ब्लेडने कापताना
एक कण काचेवर उडाला. मी बोटाने टिपून घेतला.

नाडी ते स्वतःच मोजतात, डोळे मिटून,
पूर्वी पाण्याची घटका मोजत तशी.
"अठ्ठावन्न," म्हणतात.
मी मशीन लावते. सत्तावन्न.
"मशीन चुकनं."

आज गर्दी नव्हती.
एक्स्पायरीची खोकी, जीएसटीची तारीख,
आईच्या गुडघ्यांचा खर्च, माझा चढलेला आवाज.
आप्पांनी न विचारता माझं मनगट धरलं,
बराच वेळ.
मग सोडलं, आणि पाव गोळीची पुडी
कोपरीच्या खिशात घालत म्हणाले,
"पोरी, तुना पाट काठोकाठ शे.
तुले कोन फळी टाकस?"

मी सुट्टे पैसे शोधत राहिले.
अकरा रुपये होते, दिले.